गणपतीची सुट्टी सिंधुदुर्ग ठरवतो, मग शाळेत शिक्षक किती हे का नाही?

भाद्रपद लागला की इन्सुलीतल्या पोरांचं लक्ष शाळेत राहत नाही. मुंबईहून चाकरमानी उतरतात, माटवी बांधायची असते, रात्री वाडीवाडीत भजनं असतात. या दिवसांत वर्ग भरवला तरी समोर बसणार कोण? म्हणून सिंधुदुर्गातल्या शाळांना गणपतीत लांब सुट्टी असते. पुण्या-नाशिकच्या मुलांना तेवढी मिळत नाही. तिकडच्या भावंडांना याचा हेवा वाटतो, हा स्वानुभव आहे.

पण ही सुट्टी चोरून घेतलेली नसते. ती नियमात बसते. शालेय शिक्षण विभागाच्या सुट्ट्यांच्या परिपत्रकात एक वाक्य असतं: उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ यांसारख्या सणांना वळवता येतात. त्यासाठी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अट इतकीच, की रविवार सोडून वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जायला नकोत. म्हणजे एकूण दिवस राज्याने बांधून दिले आणि ते कुठे खर्चायचे हे जिल्ह्यावर सोडलं.

सरकारी शाळेला राज्याच्या नियमांतून मोकळीक द्यावी की नाही, या वादाचं उत्तर शोधायला या एका वाक्यापासून सुरुवात करता येते. कारण इथे मोकळीक दिली आणि काही बिघडलं नाही. मग तीच पद्धत शिक्षकांच्या भरतीला, गणवेशाला, भाषेला, शाळा चालू ठेवण्या-बंद करण्याला का लागू होत नाही? आणि झाली तर ते मुलांच्या फायद्याचं ठरेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

इन्सुलीच का?

आधी गाव कुठे आहे ते सांगते. सिंधुदुर्ग म्हटलं की लोकांना मालवणचा किनारा दिसतो, पण इन्सुलीला समुद्र नाही. ते सावंतवाडी तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. गोव्याहून गाडीने आलेल्यांना इथला तपासणी नाका चांगलाच आठवत असेल. पुढे बांदा, आणि त्यापुढे लगेच गोवा. डोंगराळ मुलूख, पावसाळ्यात भरून वाहणारे व्हाळ, आणि कोकणातल्या बहुतेक गावांसारखं वाड्यांमध्ये विखुरलेलं गाव.

ही ‘वाडी’ लक्षात ठेवा. देशावरचं गाव एका जागी असतं, कोकणातलं नसतं. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला मधे चढ, व्हाळ, साकव आणि इथे तर महामार्गही येतो. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळा वाडीच्या हिशोबाने उघडल्या गेल्या. वाडीत घरं मोजकी, त्यातली तरुण माणसं मुंबईला किंवा गोव्यात कामाला, आणि जी मुलं उरली त्यातली काही इंग्रजी माध्यमाच्या गाडीने जाणारी. पट कमी व्हायला आणखी कारण लागत नाही.

सीमेजवळ असल्यामुळे इथे आणखी एक गंमत दिसते. २०२५ मध्ये गोव्याने सहावी ते दहावी आणि बारावीचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू केलं. त्यावर तिथे पालक कोर्टात गेले, तरी वर्ग ७ एप्रिलला सुरू झाले. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात त्याही उशिरा, कारण तिथे जूनमध्ये उन्हाने तळपायाची आग होते. थोडक्यात, काही किलोमीटरवर वेगळं वेळापत्रक चालतं आणि आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला तिसरं. ‘राज्यभर सगळं एकसारखंच हवं’ हा आग्रह सरकार स्वतःही पूर्ण पाळत नाही.

नियम नेमके कोणाचे?

‘सरकारचे नियम’ असं आपण म्हणतो, पण ते एका टेबलावरून येत नाहीत. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदे करू शकतात. वाडीतल्या शाळेवर म्हणून कितीतरी थर बसलेले असतात.

सगळ्यात वर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवलं गेलं पाहिजे, हे त्याच्या परिशिष्टात आहे. शिक्षकाची पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. अभ्यासक्रम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ठरवते, पुस्तकं बालभारती छापते. शिक्षकांची पदं संचमान्यतेने ठरतात, तिचे निकष मंत्रालयातून येतात. भरती पवित्र पोर्टलवरून होते. शाळा ज्या जिल्हा परिषदेची, तिचं शिक्षण खातं ओरोसला, त्याखाली सावंतवाडीचे गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख, आणि सगळ्यात शेवटी मुख्याध्यापक. छोट्या शाळेत हे मुख्याध्यापकच बऱ्याचदा वर्गशिक्षक, कारकून आणि पोषण आहाराचा हिशोब लिहिणारेही असतात.

१९६२ पासून प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे आलं. त्यामागे विचार होता की शाळा लोकांच्या जवळ असावी. पण जिल्हा परिषदेकडे आज इमारत, बदल्या आणि पगारपत्रकं आहेत. धोरण तिच्याकडे नाही. वर २०२२ मध्ये सिंधुदुर्गासह अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे निवडणुका लांबून कारभार प्रशासकांकडे गेला. स्थानिक पातळीवर निर्णय द्या असं म्हणायचं, आणि त्या पातळीवर काही वर्षं निवडून आलेलं कोणी नसायचं, हे विचित्र आहे.

सगळा खेळ २० या आकड्याचा

पट २० च्या आत की बाहेर, यावर वाडीतल्या शाळेचं जवळजवळ सगळं ठरतं.

शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं, पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. खाली मर्यादा नाही. ८ मुलं असली तरी दोनच. हे ऐकून शहरातले लोक म्हणतात, आठ पोरांना दोन मास्तर कशाला? कारण ती आठ पोरं एका इयत्तेत नसतात. कोणी पहिलीत अक्षरं गिरवतंय, कोणी चौथीत भागाकार करतंय. एकच शिक्षक असेल आणि तो तालुक्याला बैठकीला गेला, आजारी पडला किंवा निवडणुकीच्या कामाला लागला, तर त्या दिवशी शाळा बंद.

मार्च २०२४ मध्ये राज्याने संचमान्यतेचे निकष बदलले. छोट्या पटाच्या शाळांची पदं त्यामुळे धोक्यात आली, विशेषतः वरच्या वर्गांची, आणि शिक्षक संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे शिक्षकदिनीच, आणखी एक शासन निर्णय निघाला: २० किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, निवृत्त किंवा डीएड-बीएड झालेला, महिना १५ हजार रुपये मानधनावर. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन राज्यभर मोर्चे काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला.

त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. त्या पत्रात आकडे होते: राज्यात २० पर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा, त्यात १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली होती. मुलांना खेळायला सोबती मिळतील, प्रयोगशाळा मिळेल, कलेचा शिक्षक मिळेल, हा युक्तिवाद खोटा नाही. पाच मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही. पण पानशेतचं गणित इन्सुलीला लावताना मधला व्हाळ आणि महामार्ग मोजावा लागतो. राज्याचाच नियम सांगतो की पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. आणि त्याच नियमात पुढे आहे, त्या परिसरात शाळेत यायला तयार अशी किमान २० मुलं हवीत. पुन्हा २०.

आता सगळ्यात बोलकं उदाहरण. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय आला. गदारोळ झाला. मग १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात मोकळीक दिली होती: हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ शिकवली जाईल, पण मुलांना दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर तीही निवडता येईल. अट? त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे.

संपूर्ण शाळेचा पट १२, आणि एका इयत्तेत २० मुलांची मागणी हवी. गोव्याच्या वेशीवरच्या वाडीतल्या कुणाला मुलाने कोकणी शिकावी असं वाटलं असतं तर कागदावर हक्क होता, प्रत्यक्षात नव्हता. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली, म्हणून ही वेळ आली नाही. पण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती शाळा असते, हे त्या एका अटीत दिसलं. ती चाळीस मुलांचा वर्ग असलेली शहरातली शाळा असते.

शिक्षक येतात आणि जातात

सिंधुदुर्गाचं खरं दुखणं इथे आहे. कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात, आणि हे मंडळ २०१२ मध्ये वेगळं झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येत आलंय. त्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना शिक्षक मिळत नाहीत.

कारण साधं आहे. भरती राज्यभरातून होते. दुसऱ्या जिल्ह्यांतले उमेदवार इथे नेमले जातात, काही वर्षं काढतात आणि आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावाजवळ जातात. त्यांनाही दोष देता येत नाही. आईवडील, शेत, घर सगळं तिकडे, मग इथे का राहावं? पण २०२३ मध्ये अशा बदल्यांची मोठी लाट आली तेव्हा जून महिन्यात कोकणातल्या कित्येक शाळा शिक्षकाविना उघडल्या. काही ठिकाणी पालकांनीच आंदोलनं केली. तात्पुरता उपाय म्हणून ७ जुलै २०२३ ला निवृत्त शिक्षकांना २० हजार रुपये मानधनावर घ्यायला परवानगी मिळाली. त्या वेळचे शालेय शिक्षण मंत्री दीपक केसरकर हे सावंतवाडीचेच आमदार, म्हणजे इन्सुली त्यांच्याच मतदारसंघातलं गाव. मंत्री घरचा असूनही प्रश्न सुटला नाही, यावरून तो किती खोल आहे हे कळतं.

जिल्ह्यातले डीएड झालेले बेरोजगार तरुण वर्षानुवर्षं म्हणतायत, भरती जिल्ह्यापुरती करा. आम्ही इथलेच, बदली मागणार नाही. मालवणी बोलणारं पहिलीतलं मूल ‘माका’ म्हणालं तर आम्हाला भाषांतर लागणार नाही. मागणी अगदी रास्त वाटते. अडचण राज्यघटनेच्या कलम १६ ची आहे. सरकारी नोकरीत रहिवासाच्या आधारावर भेदभाव करता येत नाही. तशी अट घालायची असेल तर तो कायदा फक्त संसद करू शकते, राज्य सरकार किंवा जिल्हा परिषद नाही. म्हणजे इथे ओरोसच्या अधिकाऱ्याला कितीही मोकळीक दिली तरी उपयोग नाही, कुलूप दिल्लीला आहे. बदलीआधी किती वर्षं सेवा केलीच पाहिजे, स्थानिक बोलीचं प्रशिक्षण सक्तीचं करायचं का, या गोष्टी मात्र राज्याच्या हातात आहेत.

मोकळीक दिली, मग काढून घेतली

महाराष्ट्राने हे प्रयोग केलेच नाहीत असं नाही. टिकू दिले नाहीत.

२०१८ मध्ये राज्याने ‘महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ’ काढलं. नाव भारदस्त, पण कल्पना चांगली होती: जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांना राज्य मंडळाच्या चौकटीबाहेर वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळं मूल्यमापन, तेही मराठीतून. सुरुवात १३ शाळांपासून झाली. पुणे जिल्ह्यातली वाबळेवाडीची शाळा त्यातली सर्वांत गाजलेली, तिथे प्रवेशासाठी बाहेरगावचे पालक रांगा लावायचे. २०१९ ला सरकार बदललं आणि २०२० मध्ये मंडळ बरखास्त. मुलं अर्ध्या वाटेवर होती. हा प्रयोग फसला की नाही हे कळायला जितका वेळ लागतो तितका त्याला मिळालाच नाही.

उलट दिशेचं उदाहरण गणवेशाचं. आधी शाळा व्यवस्थापन समिती गावातच कापड घेऊन गणवेश शिवून घ्यायची. दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळायचे. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. २०२४-२५ ला कापड वरून, शिलाई महिला बचत गटांकडून. जून उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत, पोहोचले ते कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. त्या डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा समितीकडे दिलं. पोराच्या खांद्याचं माप गावच्या शिंप्याला ठाऊक असतं, मंत्रालयाला नसतं, हे समजायला एक शैक्षणिक वर्ष गेलं.

मला या सगळ्यांत जास्त रस वाटतो तो कुमठे बीटमध्ये. सातारा जिल्ह्यातल्या या बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी २०१२ च्या आसपास आपल्या हाताखालच्या सुमारे ४० जिल्हा परिषद शाळांमधल्या शिक्षकांना ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला पाठबळ दिलं. बाकं बाजूला गेली, मुलं जमिनीवर गटात बसून शिकू लागली, पुस्तकाचा क्रम शिक्षकाने ठरवला. यासाठी वेगळा कायदा लागला नाही. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यानेच ‘मी आहे, करून बघा’ म्हटलं, एवढंच. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. मग २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि कुमठ्याचं सगळ्यांना करायला सांगितलं गेलं. अनेक ठिकाणी वर्गाची फरशी रंगली, शिकवणं तेच राहिलं. मोकळीकीतून उगवलेली गोष्ट आदेशाने पेरायला गेलं की असं होतं.

टेक्सासने काय केलं?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या शालेय जिल्ह्यांना सांगितलं: राज्याचे कोणते नियम तुम्हाला अडचणीचे वाटतात ते लिहा, योजना ३० दिवस लोकांसमोर ठेवा, शाळा मंडळात दोन तृतीयांश मतांनी मंजूर करा, आणि पाच वर्षांपर्यंत त्या नियमांतून बाहेर पडा. (तिथला शालेय जिल्हा म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या शाळा चालवणारी निवडून आलेली संस्था, आपल्याकडच्या जिल्ह्याइतका मोठा नव्हे.) बहुतेक जिल्ह्यांनी हा मार्ग घेतला.

त्यांनी सर्वांत जास्त कोणता नियम सोडला असेल? शाळा सुरू करण्याची तारीख. राज्याचा कायदा म्हणायचा, ऑगस्टच्या चौथ्या सोमवारच्या आधी शाळा उघडायची नाही. जिल्ह्यांनी ती आधी उघडली. आपल्या गणपतीच्या सुट्टीसारखंच, आणि त्याने कुणाचं फारसं नुकसान झालं नाही.

पण दुसरा लाडका नियम होता शिक्षकाच्या पात्रतेचा. शिक्षक मिळत नाहीत म्हणून जिल्ह्यांनी प्रमाणपत्र नसलेले लोक नेमायला सुरुवात केली. सुरुवातीला ते एखाद्या सुतारकामाच्या किंवा वेल्डिंगच्या वर्गापुरतं होतं, मग वाचन आणि गणितापर्यंत आलं. कोविडनंतर तर नव्याने भरती होणाऱ्यांत अशा शिक्षकांचं प्रमाण भराभर वाढलं. शेवटी २०२५ मध्ये टेक्सासने नवा कायदा करून मुख्य विषयांना अप्रमाणित शिक्षक नेमण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. दहा वर्षांत दिलेली सूट अर्धी परत घ्यावी लागली.

भारतातही हे घडून गेलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ मध्ये प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नसलेल्या राज्यांना पात्रतेत पाच वर्षांची सूट द्यायची सोय होती. मुदत मार्च २०१५ ला संपली, काम झालं नव्हतं, म्हणून कायदा बदलून ती मार्च २०१९ पर्यंत वाढवली. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांना टीईटी बंधनकारक केली, त्यामुळे वीस-वीस वर्षं शिकवणारे परीक्षेच्या अभ्यासाला बसले. सूट दिली की तिचा हिशोब कधीतरी कुणाला तरी द्यावाच लागतो, आणि तो देणारा बहुतेक वेळा सूट देणारा नसतो.

सगळे नियम सारखे नसतात

मला यातून दिसतं ते असं. काही नियम शाळेने काय करायचं ते सांगतात: घंटा किती वाजता, गणवेश कसा, आहारात आज काय, परीक्षा कोणत्या तारखेला. हे गावाने ठरवलं तर मुलाचं काहीच जात नाही. तरी राज्य नेमकं इथेच हात आखडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवायच्या नाहीत असा निर्णय आला, राज्यपालांनी मुलांच्या झोपेची काळजी व्यक्त केल्यानंतर. मुंबईतल्या दोन पाळ्यांच्या शाळेत प्रश्न खरा होता. वाडीतल्या शाळेत तो कधी नव्हताच. एप्रिल २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने महिनाअखेरपर्यंत नेल्या, तेव्हा उन्हाचं काय, असं विदर्भातले शिक्षक विचारत राहिले.

दुसरे नियम सरकारने मुलासाठी काय करायचं ते सांगतात: दोन शिक्षक, पात्र शिक्षक, एक किलोमीटरवर शाळा, २०० दिवस शिकवणं. यांना आपण ‘नियम’ म्हणतो, पण मुलाच्या बाजूने ते हक्क आहेत. आणि गंमत म्हणजे यांच्या बाबतीत सरकार स्वतः फार लवचिक असतं. जागा १० टक्क्यांपेक्षा जास्त रिकाम्या ठेवायच्या नाहीत, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ मध्ये लिहिलंय. ते कोण पाळतं? मानधनावरचा शिक्षक, समूह शाळा, संचमान्यतेचे नवे निकष, हे सगळं ‘परिस्थितीनुसार लवचिकता’ म्हणूनच येतं.

त्यामुळे ‘शाळांना स्वायत्तता द्या’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कोणाला आणि कशातून? पालकांची समिती ‘आमच्या शाळेला चतुर्थीची सुट्टी वाढवा आणि पावसाळ्यात वेळ बदला’ म्हणाली तर ती एक मोकळीक. ‘तुमचा पट कमी आहे, तुम्ही एका शिक्षकावर भागवा’ हीसुद्धा कागदावर मोकळीकच असते, फक्त ती सरकारने स्वतःला दिलेली असते.

आज, याच कायद्यात, काय करता येतं?

नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समिती प्रत्येक सरकारी शाळेत असलीच पाहिजे. तिच्यात ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. पण कलम २२ ने तिला शाळा विकास आराखडा करायचा अधिकार दिलाय, तीन वर्षांचा. पुढच्या वर्षांत मुलं किती असतील, शिक्षक किती लागतील, खोल्या किती, हे सगळं त्यात लिहायचं असतं आणि सरकारी अनुदानाचा आधार तो आराखडा असायला हवा, असं कायदाच म्हणतो. वाडीतून समूह शाळेपर्यंतची वाट पावसात कशी असते, कुठे साकव आहे, महामार्ग कुठे ओलांडावा लागतो, हे लिहायची जागाही हीच. ओरोसला बसलेल्या माणसाला ते नकाशावर दिसणार नाही.

वेळेत बदल हवा असेल किंवा सुट्टी वळवायची असेल तर समितीचा ठराव करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सकाळी ९ च्या नियमातही खरोखरच अडचण असलेल्या शाळांचा निर्णय त्यांच्यावरच सोडलेला आहे. शिक्षक नसेल तर ती विनंती नसून तक्रार आहे. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीची पोच घ्या, तारीख तिच्यापासून मोजली जाते.

आणि एक तारीख सगळ्या पालकांनी लक्षात ठेवायची: ३० सप्टेंबर. पुढची संचमान्यता या दिवसाच्या पटावर होते, आणि पटात तेच मूल धरलं जातं ज्याचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळतं. नावातल्या एका वेलांटीमुळे किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे मूल वर्गात बसलेलं असूनही हिशोबात नसतं. २१ चा पट १९ होतो तो असा. गणपतीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा या तारखेला थोडेच दिवस उरलेले असतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन आपल्या मुलाचं नाव जुळलंय का, तेवढं विचारून घ्या.